लग्नपत्रिका कचऱ्यात टाकू नये

समस्त रहिवाशांना अत्यंत गंभीरपणे, शक्यतो उभं राहून, कळवण्यात येतं की यापुढे कोणीही लग्नपत्रिका कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. टाकायचीच असेल तर घरतनाना गावाला गेल्याची खात्री करून मगच टाकावी. घरतनाना गावाला कधीच जात नाहीत, याचीही नोंद घ्यावी.

ही सूचना मी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर खरोखर लिहिली होती, आणि ती दीड महिना कोणी पुसली नाही. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. ज्या सभेत सेक्रेटरी निवडायचा होता त्या सभेला मी पंधरा मिनिटं उशिरा पोचले, हा माझा एकमेव गुन्हा. त्याची शिक्षा सहा वर्षं चालू आहे.

तर घरतनाना. बाळाराम घरत, तिसरा मजला, माझ्या समोरचं दार. वय सदुसष्ट, अंग सडसडीत, खिशाला चार रंगांची पेनं आणि एक सहा इंची स्टीलची पट्टी. जन्म जासईकडच्या एका गावातला, नोकरी तिथल्याच एका कंटेनर यार्डात टॅली क्लार्कची. म्हणजे कंटेनर उघडला की आतल्या पेट्या मोजायच्या, कागदावरच्या आकड्याशी जुळवायच्या आणि जुळल्या की ओरडायचं, ‘टॅली झाली, सील मारा!’ नोकरी संपली, ओरडणं राहिलं. नाना भाजी आणून पिशवी रिकामी करतात तेव्हाही समोरच्या दारातून मला ऐकू येतं, ‘टॅली झाली!’ एखाद्या दिवशी ऐकू आलंच नाही तर समजावं, लिंबू रस्त्यात पडलं.

सकाळी सातला नाना खाली उतरून सुक्या कचऱ्याच्या पिंपाची पाहणी करतात. त्यात लग्नपत्रिका सापडली की तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट न घेता चढतात, कारण राग लिफ्टमध्ये निवतो. मग माझी बेल. मी तोंडात ब्रश घेऊन दार उघडते.

“शेक्रेटरी, ह्यो कोनाचा गणपती?”

“नाना, पत्रिका आहे ती. लग्न झालं त्यांचं.”

“लग्न झाला म्हनून गणपती संपला?”

मी ब्रश तोंडातच ठेवून गणपतीला नमस्कार करते.

आमच्या या पनवेल-उरण पट्ट्यात लग्नपत्रिका हा नुसता कागद नसतो. ती पेटी असते. वर मखमल, आत सोनेरी झालर, हळदीचं कार्ड निराळं, लग्नाचं निराळं, प्रत्येकावर एक गणपती, आणि शेवटच्या पानावर नावांची फौज. आजोबा, चुलते, चुलत्यांचे चुलते, आत्या, मामा, आणि तळाला ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी पंधरा-वीस पोरं. असली पत्रिका टाकवत नाही आणि ठेववत नाही. लोक ती कपाटावर ठेवतात, कपाट भरलं की पलंगाखाली, आणि पलंग भरला की नानांकडे.

नाना त्यांच्यापासून शुभेच्छापत्रं बनवतात.

आधी गणपती कापून घेतात. त्यांच्याकडे बिस्किटांच्या गोल डब्यांत, मापाप्रमाणे लावलेले, शेकड्यांनी गणपती आहेत. मग झालर, मग मखमल, मग पत्रिकेच्या आतल्या कोऱ्या बाजू. ‘फेकू नका, लागंल’ हा त्यांचा मंत्र. आणि आश्चर्य म्हणजे लागतं! खालच्या दुकानवाल्या शेखभाईंच्या ईदच्या कार्डावर जी चंद्रकोर होती ती कुणाच्या तरी पत्रिकेवरच्या कलशाच्या सोनेरी काठातून कापलेली होती. शेखभाईंनी ते कार्ड दुकानात कॅलेंडरच्या जागी लावलंय.

एक नियम मात्र कडक. जरीची पट्टी सरळ चिकटली पाहिजे. मी एकदा मदतीला बसले होते. मी लावलेल्या जरीच्या पट्टीवर नानांनी स्टीलची पट्टी ठेवली, एक डोळा मिटला आणि निकाल दिला, “वाकडी हाय. नख लाव. काढ. परत लाव.”

“नाना, केसभर वाकडी आहे.”

“कंटेनरमदी पयली पेटी केसभर वाकडी लागली का शेवटची भायेर ऱ्हाते.”

मी नख लावलं, काढली, परत लावली. चार वेळा.

शिवणाचंही तेच. बाजारातल्या एका टेलरने दुकान बंद केलं तेव्हा नानांनी त्याचं पायाचं मशीन उचललं. नानांना फक्त सरळ शिलाई येते. ‘वळना आपल्याला जमत नाय,’ हे ते स्वतःच सांगतात. त्यामुळे ते जे जे शिवतात ते चौकोनी असतं. मोबाइलची पिशवी चौकोनी, चष्म्याचं घर चौकोनी, आणि माझ्या गोल डब्यासाठी शिवलेली पिशवीही चौकोनी.

त्या पोपटी ब्लाउज पीसची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला एक पोपटी ब्लाउज पीस तीन वर्षं फिरत होता. कोपऱ्यावर हळदीचा डाग, म्हणून मी ओळखायचे. मी तो दुसऱ्या मजल्यावर दिला, तो पहिल्यावरून फिरून परत माझ्याकडे आला, मी पुन्हा दिला. कोणीच काही बोलत नव्हतं, सगळ्यांना सगळं माहीत होतं. शेवटी कुणीतरी कंटाळून तो नानांना दिला. नानांनी त्याच्या आठ छोट्या चौकोनी पिशव्या शिवल्या, कडेला जर लावली, आणि आठ घरांत एकेक भेट दिली. ज्या पीसला आम्ही तीन वर्षं घराबाहेर काढत होतो तो आता आठही घरांत एकाच वेळी कायमचा आहे. डागवाली पिशवी मला आली.

नानांच्या कार्डाची खरी ओळख मात्र गणपती नाही की जर नाही. ती आहे शेवटचं पान. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला कार्ड आलं. वर गणपती, खाली ‘शेक्रेटरी बाईंस वाढदिवसाच्या शुभेच्छा’, आणि मागे चार रंगांच्या पेनांनी, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘आपले विनीत’ म्हणून अख्ख्या इमारतीची नावं. मजल्याप्रमाणे, फ्लॅट नंबरप्रमाणे. वॉचमन, त्याची बायको, झाडूवाल्या मावशी, दुसऱ्या मजल्यावरची मांजर. आमच्या ह्यांचं नाव मांजरीच्या खाली होतं. हे दोन दिवस माझ्याशी नाही, मांजरीशी बोलत नव्हते.

कार्ड बंद करण्याआधी नाना ती यादी मोठ्यांदा वाचतात. बोट फिरवतात आणि विचारतात, “कोन सुटला?” पुन्हा वाचतात. मगच ‘टॅली झाली, सील मारा!’ कुणाच्याही घरी लग्नपत्रिका आली की ते तिथी-मुहूर्त बघत नाहीत, वधू-वर बघत नाहीत, थेट शेवटचं पान काढतात. “ह्यांचा धाकटा भाव कुटं हाय? नाव नाय त्याचा.” एकदा तर अनोळखी माणसाच्या पत्रिकेत त्यांनी सुटलेला मामा शोधून काढला होता. मला वाटायचं, यार्डाची सवय. सगळ्यांना तसंच वाटायचं.

आता जोगळेकरकाकांची भर.

जोगळेकरकाका पहिल्या मजल्यावर एकटे राहतात. निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे, छापलेल्या अक्षरावर पूर्ण विश्वास. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा नानांनी त्यांना ‘लवकर बरे व्हा’चं कार्ड दिलं. त्या कार्डात नानांच्या आयुष्यातली एकमेव चूक झाली. पत्रिका उलटी दुमडायची राहिली. आतल्या पानावर कुणा दुसऱ्या घरतांच्या लग्नाचा मूळ मजकूर तसाच होता. एका डोळ्यावर पट्टी असलेल्या काकांना नानांचं मुंगीएवढं ‘लवकर बरे व्हा’ दिसलं नाही. सोनेरी, ठसठशीत ‘शुभविवाह’ दिसला. येता रविवार दिसला, पळस्प्याचा हॉल दिसला. साल बारीक छापलं होतं, ते दिसलं नाही. लग्न सहा वर्षांपूर्वीचं होतं.

रविवारी काका काळा चष्मा लावून, इस्त्रीचा कोट घालून, रिक्षा करून पळस्प्याला गेले. लग्नसराईत तो हॉल रिकामा कधी नसतो. हॉल तोच, वार तोच, नवरा-नवरी निराळी. दारात कुणीतरी फेटा बांधला, कुणीतरी अत्तर लावलं. काकांनी अक्षता टाकल्या, पाकीट दिलं, आग्रहाने जेवले आणि संध्याकाळी थेट नानांच्या दारात उभे राहिले. मी जिन्यातच होते.

“घरत, लग्न फार छान झालं. जेवण तर उत्तम! पण तुम्ही कुठे दिसला नाहीत. पुतण्या ना तुमचा?”

मला सगळा घोटाळा एका क्षणात कळला आणि मी पदर तोंडात कोंबला. नाना आता काय बोलतात याची मी आतुरतेने वाट बघत होते, कारण चार घरी सांगायला उत्तम माल होता.

नाना हसले नाहीत. म्हणाले, “पुतन्याच्या लग्नाला मी गेलो नव्हतो.” आणि दार लावलं.

नानांनी दार लावलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढे गणपतीत नाना सोसायटीच्या मांडवाच्या उरलेल्या रिबिनी काढायला स्टुलावर चढले आणि पडले. उजव्या मनगटाला प्लास्टर. काम थांबलं तर माणूस वेडा होईल म्हणून मी रोज दुपारी तासभर हात द्यायला जाऊ लागले. एके दिवशी ते म्हणाले, “शेक्रेटरी, निळ्या डब्यातून पिवला दोरा काड.” त्यांच्याकडे निळे डबे सहा. मी चुकीचा उघडला.

आत दोरा नव्हता. अकरा पाकिटं होती, ओळीने उभी. प्रत्येकावर तिकीट लावलेलं, प्रत्येकावर एकच नाव, ऋतुजा घरत, आणि जासईकडच्या त्या गावाचा पत्ता. एकावरही पोस्टाचा शिक्का नाही.

मी विचारलं नसतं. मी खोटं बोलतेय, मी विचारलंच.

“पुतनी,” नाना म्हणाले. “धाकटी. आमच्या दादाची. तिचा वाडदिवस असतो ना दर वरसाला.”

मग तुटक तुटक सांगितलं. नानांनी लग्न केलं नाही, दादाचं घर तेच त्यांचं घर. ऋतुजा शाळेत होती तेव्हा कार्यानुभवाच्या तासासाठी तिला कार्डं करायला तेच शिकवायचे. पुढे मोठ्या पुतण्याचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या, हजार. नानांनी सवयीने शेवटचं पान काढलं, बोट फिरवलं. सगळे चुलते होते. चुलत चुलते होते. बाळाराम गोमा घरत नव्हता.

“दादा बोलला, छापनाऱ्याची चूक हाय. मी बोललो, चूक तर चूक, पेनाना लिव. तर बोलला, हजार पत्रिकांवर तुजा नाव लिवत बसू का?” नाना प्लास्टरवरच्या सुताशी चाळा करत होते. “तीस वरसा दुसऱ्याचा माल मोजला मी. येक पेटी सुटली नाय. आन घरच्या यादीत मीच सुटलो.”

त्याच आठवड्यात ते पनवेलला आले ते आलेच.

“मग ही कार्डं पाठवत का नाही?”

“ज्या यादीत आपला नाव नाय तितं कागूद तरी कसा पाटवायचा?”

शेवटचं पाकीट चिकटवलेलं नव्हतं. मी आतलं कार्ड उघडलं. गणपती, जर, सरळ पट्टी. मागे ‘आपले विनीत’ आणि दादापासून गोठ्यातल्या गाईपर्यंत सगळ्या घराची नावं. मी दोनदा वाचली. सगळे होते. त्यांनी स्वतःचं नाव घातलं नव्हतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती मी नानांना अजून दिलेली नाही. मी पिवळा दोरा शोधून दिला, चहा केला, आणि निघताना ते शेवटचं पाकीट माझ्या डागवाल्या पोपटी पिशवीत घातलं. घरी येऊन चिकटवलं. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता माझ्या अक्षरात लिहिला. इतकं सेक्रेटरीच्या अधिकारात बसतं. दुसऱ्या दिवशी भाजीला जाताना पोस्टाच्या पेटीत टाकलं आणि नंतर दोन महिने बेल वाजली की दचकले.

दिवाळी गेली, काही झालं नाही. प्लास्टर निघालं. संक्रांत आली. इमारतीतल्या प्रत्येक घरासाठी तिळगुळाची एक चौकोनी पिशवी, असा नानांचा दर वर्षीचा संकल्प. रविवारी सकाळी नानांच्या हॉलमध्ये आम्ही कामाला बसलो होतो. नाना मशीनवर, मी नाडी ओवायला, आणि आता दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसणारे जोगळेकरकाका लाडू मोजायला. पळस्प्यानंतर काका नानांकडे रोज येऊ लागले होते. त्यांना वाटतं, त्या लग्नामुळे दोघांचा घरोबा झाला.

दार उघडंच होतं. दारात एक मुलगी उभी राहिली. वीस-बावीसची, हातात अक्षतांची वाटी आणि पत्रिकांची पिशवी.

“काका,” ती म्हणाली.

मशीनचं चाक थांबलं.

ती आत आली, वाकून नानांच्या पाया पडली. मग बोलली, भराभर, पाठ केल्यासारखं. “कार्ड मिळालं. त्यावर नाव नव्हतं तुमचं, पण पट्टी बघूनच कळलं मला. एवढी सरळ कोण लावणार? माझं लग्न आहे. तुम्ही यायचंय.” आणि त्यांच्या हातावर अक्षता ठेवून पत्रिका दिली.

मी नाडी ओवणं सोडलं. मला माहीत होतं काय होणार. नानांनी गणपती बघितला नाही, नवऱ्या मुलाचं नाव बघितलं नाही. शेवटचं पान काढलं. बोट वरून खाली निघालं. आजोबा, आजी, वडील, आई. चुलत्यांच्या ओळीला आलं आणि थांबलं.

मी निर्लज्जपणे मान लांब केली. चुलत्यांच्या ओळीत, पहिल्याच जागी, छापलेल्या नावांच्या वर, कागदाची एक बारीक सोनेरी पट्टी चिकटवली होती. तिच्यावर हाताने लिहिलं होतं : बाळाराम गोमा घरत.

“पत्रिका आधीच छापून आल्या होत्या,” ऋतुजा म्हणाली. “तुमचं कार्ड पोस्टात अडकून दिवाळीनंतर आलं. मग मी जुन्या पत्रिका कापल्या, पट्ट्या केल्या. सगळ्या पत्रिकांवर लावल्यात. आठशे आहेत.”

“येकटीनं?” नानांचा पहिला शब्द.

“नाही. अर्ध्या बाबांनी लावल्या.” ती जरा थांबली. “वाकड्या आहेत त्या बाबांच्या.”

नानांच्या हातातल्या पत्रिकेवरची पट्टी वाकडी होती. केसभर नव्हे, चांगली डावीकडे कललेली, एका कोपऱ्याला गोंदाचा ओघळ. असली पट्टी लावली म्हणून मला त्यांनी चार वेळा काढायला लावली होती. त्यांचा हात सवयीने खिशातल्या स्टीलच्या पट्टीकडे गेला, अर्ध्यात थांबला आणि परत आला. नख लावलं नाही. अंगठा त्या वाकड्या पट्टीवरून नुसता फिरवला, इकडून तिकडे, दोनदा.

“दादा कुटं हाय?”

“खाली गाडीत बसलेत. म्हणाले, तो बोलावेल तर येतो वर.”

नाना उठले नाहीत, बसलेही नीट नव्हते. ऋतुजा माझ्याकडे बघत होती, मी नाडीकडे. अकरा वर्षांनी भावाला वर बोलवायचं की नाही, हे नानांचं नानांनीच ठरवायचं होतं. खालून गाडीचा हॉर्न वाजला. एकदाच, अगदी हलका.

एवढ्यात नानांच्या खांद्यावरून पत्रिका वाचत असलेले जोगळेकरकाका, दोन्ही डोळे विस्फारून, मोठ्यांदा म्हणाले,

“अहो घरत, हॉल पळस्प्याचाच आहे की! मग विचार कसला करताय? बोलवा त्यांना वर. जेवण फार उत्तम असतं तिथलं!”